मागच्यांचा होकार

ट्रॅक्टर, ठिबक, खतं. ज्या कंपनीचा शेतकरी मेळावा असेल तिची टोपी घालून तो सूत्रसंचालनाचा माईक हातात घ्यायचा. गाव कोरेगाव असो की पलूस, पहिलं वाक्य ठरलेलं असे. "मागच्यास्नी ऐकू येतंय का?" एवढं विचारून तो कानामागं तळहात धरून थांबायचा. मागून कुणीतरी "येतंय" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. ते म्हणणारा बहुतेक वेळा मीच असे, कारण जेवणाच्या मांडवाजवळची शेवटची खुर्ची मी कधी सोडली नाही. त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं. पंगतीत दिसलो की म्हणायचा, "आवं मागचं मामा, तुमच्याबिगार आमची सुरुवात हुईत न्हाई बगा."

कोरोनानंतर कंपन्यांना मोबाईलवरचेच मेळावे परवडू लागले. मांडव गेला, पंगतही गेली. एकदा तो बाजारात भेटला. म्हणाला, "आता पाटणपासनं पलूसपातूर सगळी एकदम बघत्यात. लय मोठं काम झालंय, मामा." मोठं म्हणताना त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता.

परवा घरी जेवताना मोबाईलवर त्याचा कार्यक्रम लावला. डोक्यावर नवी टोपी होती, मागे कंपनीचा रंगीत पडदा. "मागच्यास्नी ऐकू येतंय का?" सवयीनं त्यानं विचारलं आणि कानामागं तळहात धरला. शेजारून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सर, पुढं चला." तरी तो थांबलाच.

"येतंय!" मी ताटावरूनच ओरडलो.

काय झालं म्हणून बायको धावत बाहेर आली. तो अजून कानामागं हात धरून उभा होता.