अमिनाबीचा गुडघा आणि खुशीच्या लग्नाची गादी

नेरच्या बाजारामागच्या गल्लीत जब्बारभाईंचं कापूस पिंजायचं मशीन, आणि त्याला लागूनच अमिनाबीची गाद्या शिवायची खोली. मशीन नवऱ्याचं, गादी बायकोची, ही वाटणी लग्नापासूनची. पिंजलेली रुई खोळीत भरायची, छडीनं झोडून सारखी करायची, मग त्याच गादीवर बसून एका गुडघ्यानं रुई दाबून धरायची आणि वीतभर लांब दाभणानं टाके घालत मागं मागं सरकायचं. पस्तीस वर्षं अमिनाबीनं हेच केलं. ज्या उजव्या गुडघ्यानं एवढ्या गाद्या दाबल्या, तोच आता तिला खाली बसू देईना. बसलीच, तर उठायला भिंत लागे.

ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं. बोरी अरबच्या विमलताई डिसेंबरात दोन पोती कापूस घेऊन आल्या, तेव्हा पोत्यात पांढऱ्यापेक्षा पिवळंच जास्त दिसत होतं. त्यांच्या खुशीचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. लेकीची गादी घरच्याच वावरातल्या कापसाची, हा त्यांच्या घरचा रिवाज. विमलताईंची स्वतःची गादी अमिनाबीच्या सासूनं भरलेली.

"हे म्हणत होते, औंदा इकतचा कापूस घे," विमलताई म्हणाल्या. "मी म्हटलं, नाई. अळीनं खाऊन जे उरलं, थ्याच्यावरच निजंल पोट्टी."

"निवडून घेतो मी," अमिनाबी म्हणाली. "गादी माह्या हातची जाईन. तू अक्षता निवड."

बोलून तर गेली. विमलताईंची पाठ वळल्यावर जब्बारभाईंनी मशीन बंद केलं.

"शिवशीन कशी? उडत?"

"सुई घेतो ना गुडघ्यात."

सुईचं, म्हणजे इंजेक्शनचं, प्रकरण दिवाळीनंतर सुरू झालं होतं. यवतमाळच्या एका दवाखान्यात डॉक्टर कहकशां म्हणून तरुण बाई होत्या. गुडघ्याच्या झिजेवर वेगवेगळी इंजेक्शनं देऊन कोणाला कशाचा गुण येतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. एक सूज लवकर उतरवणारं, एक सांध्यात वंगणासारखं काम करणारं, आणि एक रोग्याच्याच रक्तातून काढलेल्या भागाचं. अमिनाबीच्या वाट्याला तिसरं आलं. पण आधी रक्त आणि लघवी तपासायची होती.

"दुखते गुडघ्यात, अन् तपासता लघवी?" अमिनाबीनं विचारलं होतं.

"खाला, हाडांच्या टोकांवर मऊ कूर्चा असते. ती झिजली की तिचे बारीक अंश रक्तात, लघवीत उतरतात. सूज असली तर तिचीही खूण रक्तात सापडते. अजून सगळं नीट कळलेलं नाही, म्हणून तर शोधतोय."

अमिनाबीला ते चटकन समजलं. मशीन चालू असलं की हवेत रुईची भुकटी उडते. आत किती पिंजलं जातंय ते बाहेर बसल्या माणसाच्या पापण्यांवर दिसतं. "म्हणजे माहा गुडघा पिंजून राह्यला, अन् भुकटी तुमच्या बाटलीत," ती म्हणाली. डॉक्टरीण हसली आणि तिनं तसंच वहीत लिहून घेतलं.

सुईची तारीख मिळाली जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याची. गुण आलाच तर दोन-तीन आठवड्यांत कळेल. अमिनाबीनं बोटांवर मोजलं: सुई, मग आराम, मग गादी. बसत होतं. अट एकच, पंधरा दिवस आधीपासून दुखण्याची गोळी बंद आणि गुडघ्याला कसलाही लेप नाही.

गोळी बंद झाली आणि गुडघ्यानं उचल खाल्ली. पिवळा कापूस निवडायला दिवसभर पाटावर बसावं लागे. चौथ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या धुरपताबाई डोकावल्या, तर अमिनाबी भिंतीला डोकं टेकून बसलेली.

"काय वं, रडून राह्यली काय?"

"नाई. कापसाची भुकटी गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यात एकदम? बिब्बा लावून देतो, थांब."

"लेप नको म्हटलं डॉक्टरीणबाईनं."

"लेप कायले? बिब्बा का लेप असते? थो तर चटका."

अमिनाबीनं विचार केला. लेप नको म्हटलं होतं. बिब्ब्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. धुरपताबाईंनी शिवणाच्या सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला आणि सुटलेलं काळं तेल गुडघ्याभोवती टिपक्याटिपक्यानं लावलं. दोन दिवस खरंच बरं वाटलं, म्हणजे कातडीच्या आगीपुढं आतलं दुखणं ऐकू येईनासं झालं. मग फोड आले, फुटले, आणि एक पिकला. अमिनाबीनं वर पट्टी बांधली, सैल सलवार घातली आणि सुईच्या चार दिवस आधी रक्त द्यायला जाऊन आली.

सुईच्या दिवशी डॉक्टर कहकशां कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"खाला, सुजेचा आकडा मागच्यापेक्षा तिप्पट झालाय. ताप आलता? दाढ दुखली? कुठं जखम?"

"काईच नाई, बेटा."

"गुडघ्याला काही लावलं?"

"नाई."

"सलवार वर घ्या."

पट्टी सुटली. डॉक्टरीण ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "या कातडीतून सुई आत घातली असती तर पू सांध्यात गेला असता. मग गादीच काय, पाय वाचवायची वेळ आली असती. तुम्ही नाही म्हणालात, खाला. रक्तानं खरं सांगितलं."

अमिनाबीची मान खाली गेली. सुई दीड महिना पुढं गेली, म्हणजे लग्नाच्याही पुढं. जखम साफ करायला तिला मलमपट्टीच्या खोलीत नेलं. तिथली नर्स उंच टेबलाशी उभी होती. एक माणूस वर चढे, पट्टी होई, उतरे, की दुसरा चढे. अमिनाबी अर्धा तास रांगेत बघत राहिली. नर्स एकदाही वाकली नाही, बसली नाही. ज्याचं काम, त्यालाच वर घेत होती.

एसटीतून उतरली ती थेट मशीनच्या खोलीत.

"फोमची गादी आणून देऊ विमलताईले," जब्बारभाई तिचा चेहरा पाहून म्हणाले. "थे काही म्हणणार नाई."

"मी म्हणीन ना. मागची दोन जुनी दारं काढा. अन् मंडपवाल्याकडून फळ्या टेकवायचे चार उंच लाकडी घोडे आणा."

"काहून?"

"मले खाली बसता येत नाई, तर गादी वर चढंल."

दारं घोड्यांवर आडवी टाकली, मध्ये चार बोटांची फट ठेवली. अमिनाबी कमरेइतक्या उंचीवर पसरलेल्या गादीपुढं उभी राहिली, आणि पहिल्याच टाक्याला अडली. दाभण खाली गेलं. पण वर कोण पाठवणार? आणि गुडघ्याऐवजी दाबणार कशानं?

तिनं भिंतीवरून हाक मारली. "धुरपताबाई! या इकडं. बिब्बा लावला, आता निस्तरा."

धुरपताबाईंचे गुडघे सत्तरीतही खणखणीत. त्या दारांखाली पाटावर बसल्या. अमिनाबी कोपरानं रुई दाबायची, फटीतून दाभण खाली सोडायची, धुरपताबाई ते परत वर द्यायच्या. एक ओळ झाली की दोघी मिळून गादी सरकवायच्या.

"मले शिक्षा देऊन राह्यली काय, वं?" खालून आवाज.

"हाव. बोटं सांभाळा."

पहिले टाके वेडेवाकडे पडले. अमिनाबीनं तीन ओळी उसवल्या आणि पुन्हा घातल्या. पाय भरून आला की पाच मिनिटं खुर्चीवर टेकायची, पुन्हा उभी राहायची. जी गादी पूर्वी एका दिवसात व्हायची, तिला सहा दिवस लागले. कडा मात्र पूर्वीसारख्याच ताठ आल्या. लग्नाच्या तीन दिवस आधी विमलताई घ्यायला आल्या, गादीवर हात फिरवत राहिल्या आणि खालून निघणाऱ्या धुरपताबाईंना पाहून दचकल्या.

मार्चमध्ये कातडी भरून आल्यावर सुई झाली. डॉक्टर कहकशांनी अमिनाबीचंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, वरचा पिवळसर भाग गुडघ्यात सोडला. "ही सुई म्हणजे नवा गुडघा नव्हे," त्यांनी बजावलं. "उकिडवं बसणं बंद."

"थे तर तुमच्या आधी बंद केलं मी."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. दुखणं निम्म्यावर आलं होतं, झिजेच्या खुणाही थोड्या उतरल्या होत्या. डॉक्टरीण कागद पाहून खूश झाली, मग अमिनाबीनं घोड्यांची, दारांची हकीकत सांगितली तशी पेन थांबवून बसली.

"म्हणजे गुण सुईचा, की खाली न बसण्याचा? आता मी लिहू काय?"

"दोन्ही लिहा. खोटं नका लिहू." अमिनाबी खुर्चीवरून उठली, टेबलाला हात न लावता. "मले जाऊ द्या, बेटा. घरवाले लोखंडी घोडे वेल्डिंग करून घेऊन राह्यले. मी उभी नसली तर उंची चुकवतीन, अन् मले थ्या घोड्यांपाशी अजून पंधरा-वीस वर्षं उभं राहायचं आहे."