तासाभराच्या आतली माती

इराणमधल्या तब्रीझ शहरात बहाई घरात बाई गेली की पहिला निरोप तलअत खानमकडे जायचा. चाळीस वर्षं तिनं हे काम केलं. मेलेल्या बाईला न्हाऊ घालायचं, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळायचं, बोटात अक्षरं कोरलेली अंगठी घालायची, आणि मग रडणाऱ्या घरच्यांच्या छातीवर बसायचं, "रडणं नंतर. आधी गाडी बघा. तासाभराच्या वाटेच्या आत माती झाली पाहिजे." धर्माचा नियमच तसा आहे. माणूस जिथं मेलं तिथून तासाभराच्या वाटेपलीकडे त्याला न्यायचं नाही. आणि नियमाच्या बाबतीत तलअत म्हणजे महाखट बाई. एकदा एका मुलानं आईला खेड्यातून शहरात आणायचा घाट घातला. वाट सव्वा तासाची. हिनं त्याला तिथल्याच टेकडीवर खड्डा खणायला लावला. तो पुढं जन्मभर तिच्याशी बोलला नाही. "नको बोलू दे," ती म्हणाली, "आई तरी नियमात आहे ना!"

नवरा इनायत अगदी उलट्या स्वभावाचा. शाळेत गणित शिकवायचा. इस्लामी क्रांतीनंतर बहाई म्हणून त्याला काढून टाकलं, तर यानं चष्मे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. बहाई सणाला दुकान बंद ठेवतो म्हणून सरकारी माणसांनी तीनदा दाराला सील ठोकलं. दर वेळी हा घरी येऊन कोट काढायचा आणि हसत म्हणायचा, "चला, सुट्टी लागली." तलअतच्या ते हसणं डोक्यात जायचं. पोटी मूल नव्हतं. इनायतच्या बहिणीचा रामीन त्यांनीच वाढवला. पोरगा हुशार, पण विद्यापीठाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथं 'मुसलमान' हा एक खोटा शब्द लिहिला असता तर आज इंजिनिअर असता. बहाई माणूस तो शब्द लिहीत नाही. जीव गेला तरी लिहीत नाही, आणि कित्येकांचा गेलाही. रामीन कॅनडात गेला.

गेल्या पानगळीत इनायत दुकानाच्या पायरीवरच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दफनभूमी घरापासून वीस मिनिटांवर. तिथं मागच्या भिंतीजवळ बहाईंचा एक कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यातल्या निम्म्या बायकांना तलअतनंच न्हाऊ घातलं होतं. अक्रोडाच्या लाकडाची पेटी तयार झाली. पुरुष मंडळी इनायतला न्हाऊ घालायला शवागाराच्या दाराशी जमली. तेव्हा कळलं की दफनभूमीच्या कचेरीचा शिक्का असल्याशिवाय प्रेत मिळणार नाही.

कचेरीतला साहेब तरुण होता, गुळगुळीत बोलायचा. "आई, बसा. चहा घ्या. काय आहे, वरून हुकूम आलाय. तुमच्या लोकांना आता इथं जागा नाही."

"माझ्या लोकांना तिथं जागा आहेच," तलअत म्हणाली. "सगळे झोपलेत. एकाची भर."

"दोन वाटा आहेत." त्यानं एक कागद पुढं सरकवला. "मयत मुसलमान होते असं लिहून सही करा. दुपारपर्यंत खड्डा तयार. नाहीतर गराचाय गावाला न्या. तिथं तुमच्यासाठी जागा काढून दिलीय."

"गराचाय अडीच तासांवर आहे."

"रस्ता चांगला आहे, आई."

आता या बाईनं काय करावं? सही केली तर खोटं. नाही केली तर अडीच तास. जन्मभर जे दोन नियम उराशी धरले, ते दोन्ही समोरासमोर आणून ठेवले आणि म्हणे, यातला एक मोड.

ती रोज कचेरीत जाऊन बसायला लागली. इनायत शवागाराच्या बर्फात. घरी शेजारची गुलअंदाम खानम आशचं, म्हणजे घट्ट सुपाचं, पातेलं घेऊन यायची. ती मुसलमान, पाच वेळची नमाजी, आणि तोंडाची फटकळ. "अगं बये, लिहून टाक की! मी नवऱ्याला दिवसातून दहा थापा मारते, देवानं अजून कान धरला नाही. तो कागद काय देव वाचणार आहे?"

"इनायतनं सत्तर वर्षांत तो शब्द लिहिला नाही, गुलअंदाम. नोकरी गेली तरी नाही. आता त्याला तोंड नाही म्हणून मी त्याच्या नावानं लिहू?"

गुलअंदामनं तोंडाला ओढणी लावली. "मग माझ्या घराण्याच्या जागेत घाला त्याला. मी सांगते माझा दीर म्हणून." तेही खोटंच होतं. पण तलअत तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

पाचव्या दिवशी रामीनचा फोन आला. "मामी, इथं लोक विचारतायत. मामांचं नाव देऊ का? इथल्या सरकारपर्यंत जाईल." इनायतला असला गवगवा मुळीच आवडला नसता. पण बाई बुडत होती. ती म्हणाली, "दे."

नवव्या दिवशी तिनं कचेरीत पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. टोक कागदाला लागलंसुद्धा. साहेब दुसरीकडे बघत राहिला, तेवढी लाज त्याला होती. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि घरी येऊन दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली.

अकराव्या दिवशी रामीनचा आवाज नुसता उड्या मारत होता. "मामी! आज इथल्या संसदेत एक बाई उभी राहिली, मामांचं नाव घेतलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

"कशाला टाळ्या?"

"अगं, पाठिंब्याला. आणि सरकारनं पत्रक काढलंय. तीव्र चिंता व्यक्त केलीय."

"रामीन, बाळा," तलअत म्हणाली, "चिंता माझ्याकडे ढीगभर आहे. मला खड्डा हवाय. खड्ड्याचं काय म्हणाले?"

"त्यांच्या हातात तेवढंच आहे, मामी."

बाराव्या दिवशी साहेबानं तिला बसा म्हटलं नाही. फोनच्या पडद्यावर त्या परदेशी पत्रकाची बातमी होती. "आम्ही तुम्हाला आई आई म्हणत होतो, आणि तुम्ही बाहेर कागाळ्या करत होतात! शोभतं का? आता सहीची गरज नाही. आज पहाटे पाठवला."

"कुठं?"

"गराचायला. पुरलाही." त्यानं ओळीचा आणि खड्ड्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाकली.

न्हाऊ घातलं नाही. पेटी नाही, अंगठी नाही, उभं राहून प्रार्थना म्हणणारं एक माणूस नाही. चाळीस वर्षं परक्या बायकांची नखंसुद्धा जपून पुसणाऱ्या बाईचा नवरा प्लास्टिकच्या पिशवीत गेला. पण तिनं यातलं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, "किती वेळ लागला?"

"कशाला?"

"गाडीला. इथून निघून मातीत जाईपर्यंत."

साहेबाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ड्रायव्हरला फोन लावून विचारलं. "सव्वातीन तास," तो म्हणाला. "वाटेत चहाला थांबले होते."

तलअत तिथंच फरशीवर बसली. सही केली असती तर वीस मिनिटं. नाव दिलं नसतं तर कदाचित अजून बर्फात असता, पण आपल्या गावात असता. माझ्या जिभेनं गेला, माझ्या जिभेनं गेला, एवढंच ती म्हणत राहिली. दोन शिपायांनी तिला धरून टॅक्सीत बसवलं.

हिवाळा सरायच्या आत तिनं घर विकायला काढलं. गुलअंदाम खवळली. "वेड लागलंय तुला! जन्मली इथं, नांदली इथं, आणि आता त्या धुळीच्या गावात काय भाजायला जातेस?"

"मेले तर मलाही तिथंच नेणार ना? इथून अडीच तास. तिथून दहा मिनिटं."

गुलअंदामनं रागारागानं सगळी भांडी वर्तमानपत्रात बांधून दिली आणि गाडी सुटताना बाहेर आलीच नाही.

गराचायला तिनं एक खोली घेतली. घरमालकानं सहज विचारलं, "हवापालटाला आलात का, खानम?" ती सरळ म्हणाली, "नाही, मरायला." तो बिचारा हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. कबरस्तान माळावर आहे. इनायतच्या जागी विटेचा तुकडा रोवलाय, त्यावर क्रमांक. ती तिथं जाऊन बसते, पण त्याच्याशी बोलायचं तिला सुचत नाही.

वसंतात रूहअंगीजचा फोन आला. तब्रीझच्या बहाईंपैकी ही तलअतची जुनी मैत्रीण, हृदयानं अधू.

"तलअत, तुझ्या त्या गावात आणखी एखादी खोली मिळेल का गं?"

"मिळेल."

"डॉक्टर म्हणतात प्रवास नको. पण मी विचार करतेय..."

"विचार काय करतेस? मेल्यावर तुला कोणी तासात आणणार नाही," तलअत म्हणाली. "यायचं तर जिवंत असताना ये."

रूहअंगीज फोनवर रडायला लागली. तलअतनं तिला रडू दिलं, आणि मग बस कुठून सुटते ते सांगितलं.