मायचं समायोजन

"तुम्ही तांदळाला हात लावू नका. भांड्यांकडं बघा."

हेडसर असं म्हणले माझ्या मायला. सगळ्या शाळेसमोर. प्रार्थना नुकतीच संपली होती, पोरं अजून रांगेत उभी, मी सातवीच्या रांगेत. मायचा त्या शाळेतला पहिला दिवस. तिनं सणाला काढायची हिरवी साडी नेसली होती, डोक्याला तेल लावून चापून चोपून आली होती. नवीन जागा, नवीन माणसं, म्हणून. आन सरांनी बोट दाखवलं मागच्या नळाकडं.

माय "बरं" म्हणली. पदर खोचला आन गेली.

मला तवा काही कळलंच न्हाई. म्हणजे कळलं, पण डोक्यात घुसायला येळ लागला. कारण माय भांडीवाली न्हवती. माय स्वयंपाकी होती. सरकारच्या कागदावर स्वयंपाकी.

थांबा, लई घाई करायले. आधीचं सांगते.

आमची वस्ती गावापासून वड्याच्या पलीकडं. अहमदपूर तालुक्यातलं गाव हाय, नाव लिहीत न्हाई. वस्ती म्हणलं की ती कुणाची हे आमच्याकडं कुणी इचारत न्हाई, सगळ्यांना माहीत असतंय. वस्तीवर जिल्हा परिषदेची एक बारकी शाळा होती, चौथीपर्यंत. एक खोली, एकच सर, पुढं लिंबाचं झाड. मी तिथंच शिकले. पाचवीपासून मग गावातली मोठी शाळा. माय वस्तीच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. कित्येक वर्षं. लेकरं तिला खिचडीमाय म्हणायची. कुणाला मिरची चालत न्हाई, कोण दोनदा घेतंय, कुणाच्या घरी सकाळी चूल पेटली न्हाई, सगळं तिला न सांगता कळायचं.

मग वरून निर्णय आला. कमी पटाच्या शाळा बंद, लेकरं जवळच्या मोठ्या शाळेत. ह्याला नाव होतं समायोजन. वस्तीत कुणाला तो शब्द नीट म्हणताबी येईना.

सांगायला केंद्रप्रमुख आले होते. म्हणजे आजूबाजूच्या शाळा ज्यांच्या हाताखाली असतात ते साहेब. गाडीवरून उतरलेच न्हाईत. एक पाय खाली टेकवून, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून बोलले, की कुणाचं काही नुकसान न्हाई, लेकरांना मोठं मैदान मिळंल, कॉम्प्युटर मिळंल, मावशीलाबी तिकडंच घेऊ, काम तेच. माय लई खूश झाली. घरी येऊन म्हणली, आता तुझ्या शाळेत तुला माझ्या हातचं मिळंल बघ.

आन पहिल्याच दिवशी नळ.

दुपारी तात्या आले. तात्या म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. शाळेच्या कमानीवर त्यांच्या आज्याचं नाव हाय, जागा त्यांनी दिली होती म्हणून. तात्या कधीच वरच्या आवाजात बोलत न्हाईत. मायजवळ येऊन, जरा लांबच उभं राहून, एकदम गोड बोलले.

"राग मानू नका बाई. मी सोता काय मानत न्हाई असलं. पण गाव हाय. कुणाला चालतंय, कुणाला चालत न्हाई. लेकरायच्या तोंडाचा सवाल हाय."

मी नळावर ताटली धुवायला गेले होते. मी ऐकलं. आमच्या हातचं खाल्ल्यानं लेकरांच्या तोंडाला काय होतंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा इचारावं वाटलं. इचारलं न्हाई.

त्या शाळेत आधीपासून एक स्वयंपाकी होत्या, कुशावर्ताकाकू. गावातल्याच. वाईट न्हाईत काकू. एवढ्या लेकरांचं एकटीला होत न्हवतं, घामाघूम व्हायच्या, मायकडं बघायच्या आन नजर खाली घालायच्या. एकदा हळूच म्हणल्या, "तू आली असतीस चुलीवर तर माझी कंबर वाचली असती बया." पण मोठ्यानं कुणापुढं म्हणल्या न्हाईत.

तर माय भांडी घासायची. मोठाले टोप, आत वाकून. माझ्या वर्गातली पोरगी, बाजूलाच बसायची, तिनं इचारलं, "तुझी मम्मी भांडी घासती का ग?" साधं इचारलं तिनं. खोडी म्हणून न्हाई. म्हणूनच लई लागलं. कारण तिला त्यात काही वेगळं वाटलंच न्हवतं. आमची जागाच ती, असं तिला वाटलं होतं.

अजून एक. वस्तीवरून आलेल्या बारक्या लेकरांना सर हजेरी घेताना म्हणायचे, समायोजनवाले आले का. सरांचं बघून पोरंबी म्हणाय लागली. ए समायोजन, बॉल दे. ए समायोजन, सरक तिकडं. मी तर पाचवीपासून त्या शाळेत होते, माझं कुणी समायोजन केलं न्हवतं, पण मीबी समायोजनवाली झाले. आधी जे नाव तोंडावर घ्यायला गावाला कायद्याची भीती वाटायची, त्याच्या जागी सरकारनंच एक नवीन नाव देऊन टाकलं.

केंद्रप्रमुख एकदा तपासणीला आले तवा मायनं त्यांना गाठलं. साहेब, तुम्ही म्हणला होता काम तेच. साहेब म्हणले, "हे तुम्ही स्थानिक पातळीवर समजुतीनं घ्या." आन आत गेले चहा प्यायला.

हे वाक्य मी कधीच इसरणार न्हाई. शाळा बंद करायची होती तवा वरचा हुकूम, कुणाचं काही चालंना. मायला चूल द्यायची तर स्थानिक पातळी. आन आमची स्थानिक पातळी म्हणजे तात्या.

मग काकूंच्या लेकीचं बाळंतपण आलं. किल्लारीला. काकू गेल्या. शाळेत दुसरं कुणीच न्हवतं, म्हणून हेडसर नाइलाजानं मायला म्हणले, करा आजच्या दिवस.

माय त्या दिवशी लवकर गेली. जिऱ्याचा तडका दिलेला वास वर्गात आला तवा मी पहिलीतल्या पोरासारखी मान वळवून वळवून बघत होते. पोरंबी म्हणायलीत, आज भारी वास यायलाय. त्यांना माहीत न्हवतं कोण करायलंय. नाकाला कुठं काय कळतंय.

पोषण आहाराचा एक नियम हाय, स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर रंगवलेलाच असतो. लेकरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं आन एका पालकानं चव घ्यायची. काही बिघडलेलं असंल तर आधी मोठ्यांना कळावं म्हणून. रोज कुणीतरी येऊन चमचाभर तोंडात टाकायचंच. हेडसर तर वाटीभर घ्यायचे, चव म्हणून.

त्या दिवशी कुणीच आलं न्हाई.

जेवणाची सुट्टी झाली. रांगा लागल्या. माय डाव हातात धरून उभी. टोपातून वाफ निघायली. आन ऑफिसातून एक सर बिस्किटाचे पुडे घेऊन आले. म्हणले आज बिस्किटं वाटायची हायत, सगळ्यांनी इकडं या.

पोरं तिकडं पळाली. माझी धाकटी बहीण, दुसरीत होती, तीबी पळाली. तिला काय, बिस्कीट म्हणलं की झालं. तिनं हात पुढं केला. सरांनी पुडा वर धरला.

"तू न्हाई. तुझ्या मायनं केलीय की खिचडी. तुम्ही समायोजनवाले तिकडं बसा."

धाकटी तशीच हात पसरून उभी राहिली. तिला वाटलं सर चेष्टा करायलेत. ती हसलीसुदा. मग सरांनी पुढच्या पोराला बिस्कीट दिलं, तवा तिचं हसू गेलं. मी लांबून बघत होते. तिच्या तोंडावरचं ते हसू जाताना मी बघितलं.

तिथं माझं काहीतरी तुटलं. रडू आलं न्हाई.

मी मायकडं गेले. ताटली पुढं केली. माय म्हणली, बस, वाढते. मी म्हणले, माझ्यासाठी न्हाई. तिनं वाढली. मी ती ताटली घेऊन सरळ ऑफिसात. आत यायची परवानगीबी मागितली न्हाई. हेडसरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, चव घ्या."

सर म्हणले, "आज उपास हाय माझा."

त्यांच्या हातात बिस्कीट होतं. अर्धं खाल्लेलं. पुढ्यात चहा. दारात पोरं जमली होती, गावातलीच, त्यातलं कोणतरी फिसकन हसलं. सरांनी ते बिस्कीट बशीत ठेवलं, जसं काही कुणी बघितलंच न्हाई.

"पुढारीण झालीस का ग? मला नियम शिकवायलीस?"

मी म्हणले, "भिंतीवर लिहिलाय सर."

एवढंच बोलले. तिथून हलले न्हाई. सर उठले, मला वाटलं आता कानाखाली बसतीय. तवर मागून माय आली. हाताला भाताची शितं. मला वाटलं आता मला ओढून नेती, गप बस म्हणती, सरांची माफी मागती. तिनं आजवर तेच केलं होतं सगळीकडं.

तिनं ताटली उचलली न्हाई. सरांच्या अजून जवळ सरकवली.

"तिला बोलू नका. मी केलीय, मला बोला. ह्यात काय कालवलंय असं वाटतंय तुमाला?"

"तसं न्हाई हो बाई. मला गावाचं बघावं लागतंय."

"मंग आमी कुठले हाव सर?"

मायचा तसला आवाज मी आधी कधी ऐकला न्हवता, आन मला वाटतंय तिनंबी ऐकला न्हवता.

चव कुणी घेतली न्हाई. वस्तीच्या बारक्या लेकरांना मायनं जेवू घातलं, भुकेली ठेवायची न्हाईत म्हणली. मी जेवले न्हाई. उरलेली खिचडी दुपारी तात्यांच्या गोठ्यावर गेली. तात्यांच्या म्हशीला आमच्या हातचं चाललं.

दुसऱ्या दिवशीपासून मायनं भांड्यांना हात लावला न्हाई. रोज जायची, हात धुऊन चुलीपाशी बसायची. मी स्वयंपाकी हाय, सैपाक सांगा, करते. टोप तसेच पडून. माश्या घोंगावायच्या. मग थोड्याच दिवसांनी समितीनं ठराव केला की आहाराचं काम आता महिला बचत गटाला द्यायचं. गटाच्या अध्यक्ष कोण? तात्यांच्या मालकीण. मायला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आम्ही तालुक्याला ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणले धोरण बदललंय, आमच्या हातात काही न्हाई.

मायचं समायोजन असं पूर्ण झालं. आता ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाती.

हे मी आजच का लिहायले? कॉलेज सुटलंय, अहमदपूरच्या स्टँडवर बसलेय, गाडी अजून लागली न्हाई, आन काल जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून.

आता गावातली ती मोठी शाळाबी पटात बसंना झालीय. गावातली बरी घरं लेकरं इंग्लिश शाळेत घालतात, सकाळी पिवळी व्हॅन येऊन घेऊन जाती. जिल्हा परिषदेत राहिलीत ती जास्त करून आमच्याच वस्तीची. आन आता समूह शाळेची खबर आलीय. लांबच्या गावात एक मोठी शाळा, बाकीच्या तिच्यात जाणार. धाकटी सुटली त्यातून, ती नववीला गेली. पण वस्तीत पहिली-दुसरीची लेकरं हायत. वड्याला पाणी आलं की ती लांबच्या गावाला जायची कशी? पोरी तर घरीच बसणार, मी लिहून देते.

तर काल तात्या आले. आमच्या दारात. जिंदगीत पहिल्यांदा. सोबत माणसं. म्हणले मोर्चा काढायचाय तालुक्याला, वस्तीवरची सगळी माणसं पायजेत, लेकरंबी पायजेत, फोटोत पट दिसायला पायजे.

"आपली शाळा हाय बाई. आपणच वाचवायची."

आपली. किती सहज म्हणले.

मी इचारलं, "तात्या, तुमचे नातू कुठल्या शाळेत हायत?"

"त्यांचं येगळं हाय बाळा."

माय सुपात डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणली, शाळा वाचली तर सैपाक कोण करणार? तात्या म्हणले ते नंतर बघू, आधी शाळा वाचू द्या. सगळी माणसं माना डोलवायलीत. नंतर बघू. आधी हे, मग ते.

रात्रभर मला एकच भीती. आम्ही न्हाई म्हणलो तर शाळा जाईल, आमच्याच लेकरांची जाईल, तात्यांचं काय जातंय? कमानीवरचं नाव तेवढं. आन हाव म्हणलो तर वाचलेल्या शाळेत परत मागच्या नळावर आमचंच कुणीतरी. दोन्हीकडून आम्हीच. म्हणूनच ते इतक्या बिनधास्त दारात आले. त्यांना वाटलं ह्यांना तिसरी वाट न्हाई.

सकाळी मी आन मायनं घरोघर जाऊन सांगितलंय, मोर्चा आपला आपणच काढायचा. काही जण भ्यालेत. काही म्हणले तात्यांशी कशाला वाकडं, खुरपायला त्यांच्याच रानात जायचंय. खरंय ते. पण बऱ्याच बाया हाव म्हणल्या.

मोर्चा निघणार. शाळा आम्हाला पायजेच, कुणाच्या आज्याच्या नावासाठी न्हाई, आमच्या पोरींसाठी. पण तो तात्यांच्या वाड्यापासून निघणार न्हाई. वस्तीवरून निघणार. मागण्या दोन, आन दोन्ही एकाच दमात सांगणार: शाळा हलवायची न्हाई, आन त्या शाळेच्या चुलीवर माझी माय. ह्यातली एक आधी आन एक नंतर असं कुणी म्हणलं तर मी तिथंच माईक घेणार आन नळाची, बिस्किटाची, गोठ्याची सगळी गोष्ट तालुक्याला सांगणार, सरांसमोर, साहेबांसमोर, तात्यांसमोर.

पुढं माय चालंल. ज्याला ज्याला आपली शाळा म्हणायचंय, त्यानं तिच्या मागं चालावं.