दारावरचा एक घोस

मोझेल नदीकाठच्या किरेनबाख गावात एक्केहार्ड लेनर्ट्स याच्याइतकी निर्दोष तक्रार कोणालाही लिहिता येत नसे. गावात त्याच्याहून चांगली वाइन करणारे सातआठ जण होते, हे तो मान्य करीत नसे. परंतु तक्रारीत त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे त्याचे शत्रूही मान्य करीत. मोठ्या विद्यालयातून द्राक्षविद्येची पदवी घेताना जी तर्कशुद्धता त्याने कमावली, ती सारी तो बोटींचे भोंगे, नगरपालिकेचे दिवे आणि विशेषतः वाइनच्या वार्षिक मार्गदर्शिकेचे परीक्षक यांच्यावर उधळत आला होता. द्राक्षांसाठी त्यातली फारशी उरत नसे.

ही मार्गदर्शिका दर नोव्हेंबरात निघे. तीत प्रत्येक वाइनला शंभरपैकी गुण असत आणि प्रत्येक मळेवाल्याच्या नावापुढे द्राक्षांचे घोस छापलेले असत, एकापासून पाचापर्यंत. लेनर्ट्सच्या नावापुढे एक होता. एक घोस म्हणजे काय, तर लग्नाच्या स्थळाविषयी ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ असे सांगतात, आणि पुढे काही सांगत नाहीत, तसे. तरीही त्या एका घोसाची पितळी पाटी एक्केहार्डने फाटकावर चार स्क्रूंनी ठोकली होती आणि शनिवारी तो ती लिंबू लावून घासत असे. गतवर्षी त्याची सरासरी बरोबर त्र्याऐंशी भरली होती. त्र्याऐंशीच्या खाली गेले की घोस जातो, हा नियम होता. म्हणजे तो एका केसाला लोंबकळत होता, आणि तो केसही पांढरा झाला होता.

त्याच्या रीसलिंगवर, म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या पांढऱ्या वाइनवर, मार्गदर्शिकेत दरसाल एकच ओळ येई : ‘स्वच्छ, प्रामाणिक, काहीशी आज्ञाधारक.’

“आज्ञाधारक!” न्याहारीच्या टेबलावर तो पुस्तक आपटत म्हणे. “ही वाइन आहे की शाळकरी पोर?”

“अरे, घरात कोणीतरी आज्ञाधारक असायला नको का?” त्याची बायको इर्मट्राउट म्हणे. “तू नाहीस, मी नाही. पाव घे, गार होतोय.”

जखमेवर मीठ म्हणजे शेजारचा आल्विन त्सेन्स. त्याला चार घोस होते. विद्यालयात हाच आल्विन एक्केहार्डच्या वहीतून उत्तरे उतरवून घेत असे, निदान एक्केहार्डची आठवण तशी होती. दोघांचे मळे त्याच काळ्या पाटीच्या दगडाच्या कड्यावर होते, मधे एक बांध. ऊन तेच, धुके तेच, आणि घोस चार विरुद्ध एक. यामागे परीक्षकांचे अज्ञान किंवा आल्विनची लाचलुचपत, यांखेरीज तिसरे कारण एक्केहार्डला सुचत नसे. आणि आल्विन कंजूष असल्यामुळे पहिलेच खरे ठरे.

मार्गदर्शिकेकडून दर जानेवारीला नमुने मागवणारे परिपत्रक येई. ‘नमुने मे महिन्यात स्वीकारले जातील’ एवढे पहिले वाक्य वाचून एक्केहार्ड ताबडतोब उत्तर लिहायला बसे, कारण गतवर्षीचा अन्याय अजून ताजा असे. मग तो बाटल्या भरणाऱ्या यंत्राची गाडी एप्रिलसाठी ठरवून टाकी. वाइनला त्याआधी तयार व्हावे लागे. तो तिला बाजारचे यीस्ट घाली, पिंपे गरम ठेवी, गाळावरून लवकर काढी, दोनदा गाळून घेई. आणि गाडी दारात आली की वाइन अंगणात उभी असे, भांग पाडून, दप्तर पाठीला लावून.

फक्त सातवे पिंप ऐकत नसे. तळघराच्या थंड कोपऱ्यातले ते जुने ओकचे पिंप एप्रिलमध्येही आंबत, गुरगुरत असे. ते ऑगस्टपर्यंत तसेच पडून राही आणि मग इर्मट्राउटच्या गुत्त्यात संपे. ती उन्हाळ्यात, गुत्ता उघडा असल्याची खूण म्हणून, फाटकावर हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगून अंगणात बाके मांडी, आणि डुकराचे खारवलेले मांस, पाव नि कांद्याचा केक यांच्याबरोबर सातव्याची वाइन पेल्याने विकी. पदवीधर माणसाच्या अंगणात गुत्ता, याचे एक्केहार्डला दुःख होते. गिऱ्हाइके “तीच हट्टी आण गं” म्हणून मागत, याचे त्याहून अधिक.

त्या जुलैत मार्गदर्शिकेच्या संपादिका डॉक्टर रोस्विटा आमेलुंग यांचा फोन आला.

“श्रीयुत लेनर्ट्स, तुमची सगळी पत्रे मी वाचली आहेत.”

“सगळी?”

“आमच्या कार्यालयात ती मोठ्याने वाचतात. तुम्ही लिहिता की आमच्या लोकांना जीभ नाही. मग सप्टेंबरात ट्रिअरला परीक्षक म्हणून या. आम्हालाही कळू दे.”

एक्केहार्डने तीन सेकंद संकोच केला. मग तो म्हणाला, “एका अटीवर. मला किरेनबाखच्याच वाइन चाखायला द्या.”

“तुमची स्वतःचीही त्यांत असेल. आमच्याकडे तशी पद्धत नाही.”

“बाटल्या झाकलेल्या असतात ना? मी प्रामाणिक माणूस आहे, डॉक्टरीणबाई. आणि माझी वाइन मी अंधारातही ओळखीन. ओळखली की बाजूला ठेवीन, गुण देणार नाही.”

“हे मला पत्राने कळवा,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून एक पत्र तक्रारीशिवाय येईल.”

ट्रिअरच्या त्या दालनात बाटल्यांना काळे मोजे घातलेले होते. टेबलाशी तिघे : मध्ये आमेलुंगबाई, डावीकडे कोब्लेन्झचा एक जाडजूड वाइन-व्यापारी नॉर्बर्ट श्टिख, उजवीकडे नवा कोट घातलेला एक्केहार्ड. घरून निघताना इर्मट्राउटने विचारले होते, “चाखलेली थुंकताना टाय सांभाळ. आणि आपली ओळखू आली नाही तर?” या प्रश्नाला उत्तर देणे त्याने आपल्या पदवीचा अपमान समजले होते.

दुसऱ्या पेल्याला त्याने नाक लावले आणि त्याचे डोळे भरून आले. ओला दगड, पीचची साल, आणि मागे एक उद्धट, हसरी आंबट धार. ही घरची! त्याने पेला अलगद बाजूला सारला.

“ही माझी आहे. हिला मी गुण देणार नाही,” तो म्हणाला; आणि मग राहवेना म्हणून, “पण दिले असते तर ब्याण्णव.”

“मीही ब्याण्णवच,” श्टिख म्हणाला. “अभिनंदन हो! एक घोस म्हणजे अन्यायच झाला तुमच्यावर.”

एक्केहार्डच्या कानांना हे वाक्य इतके ओळखीचे होते की आपणच बोललो, असे त्याला क्षणभर वाटले.

चौथा पेला आला तेव्हा तो उदार होता, पण न्यायी राहण्याचे त्याने ठरवले होते. वास नीट. चव नीट. काही चुकत नव्हते आणि काही घडतही नव्हते. ही आल्विनची, त्याने ओळखले. चार घोसांचे पितळ उघडे पाडायला याहून चांगली वेळ कोणती?

“माझे अठ्ठ्याहत्तर,” तो म्हणाला.

“मी चौऱ्याऐंशी दिले. इतकी वाईट आहे?” आमेलुंगबाई म्हणाल्या.

“मीही चौऱ्याऐंशी,” श्टिख म्हणाला. “साधी आहे, पण गुन्हा काय तिचा?”

“हाच गुन्हा! हिला कोणीतरी घाई केली आहे. ही रांगेत उभी आहे, नखे कापून. स्वच्छ आहे, प्रामाणिक आहे, पण...” एक्केहार्ड शब्द शोधत थांबला, आणि तो सापडला तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाला, “आज्ञाधारक आहे.”

आमेलुंगबाईंनी दोन्ही बाटल्यांचे मोजे उतरवले. दुसरी आल्विन त्सेन्सची होती. चौथीवर लेनर्ट्स घराण्याचा निळा सिंह दोन पायांवर उभा होता, नखे कापलेला.

“सरासरी ब्याऐंशी,” श्टिख पुटपुटला.

“श्रीयुत लेनर्ट्स, ही तुम्ही बाटलीत कधी भरली?” बाईंनी विचारले.

“एप्रिलमध्ये.”

“का?”

“तुमची तारीख मेमध्ये असते म्हणून!”

“मेपासून असते. ऑगस्टअखेरपर्यंत. परिपत्रकाच्या दुसऱ्या वाक्यात लिहिलेले आहे, बारा वर्षे. त्सेन्स ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी आणून देतात.” त्यांनी चष्मा काढला. “हवे तर तुमचे गुण मी रद्द करते. नियमाने तुम्ही या टेबलावर नकोच होता. उरलेल्या दोघांची सरासरी चौऱ्याऐंशी. घोस राहील.”

एक्केहार्डने पुन्हा पेला उचलला. आता तरी काही निघेल, आईच्या मायेने काही सापडेल, म्हणून त्याने तो घोट बराच वेळ तोंडात घोळवला. मग त्याने तो बादलीत थुंकला, टायवरही थोडा.

“राहू द्या अठ्ठ्याहत्तर,” तो म्हणाला. “आयुष्यात एकदा माझ्या मताची कोणीतरी नोंद घेतली आहे.”

नोव्हेंबरात मार्गदर्शिका आली. लेनर्ट्सच्या नावापुढे कोरी जागा होती आणि खाली ओळ : ‘रांगेत उभी, नखे कापलेली. आज्ञाधारक.’ सवयीने त्याने कागद ओढला आणि ‘ज्या कोणा अडाण्याने हे वाक्य उच्चारले’ इथपर्यंत लिहूनही टाकले.

इर्मट्राउटने खांद्यावरून वाचले. “पाठव, पाठव. उत्तरही तूच दे म्हणजे टपाल वाचेल.”

पाटी काढल्यावर फाटकावर चार भोके आणि एक उजळ चौकोन राहिला. आल्विन शेजारच्या फाटकातून बघत होता. “एक्केहार्ड, ब्याण्णव दिलेस म्हणे मला! विद्यालयात कधी वही सरळ धरली नाहीस, आणि आता हे?”

“तोंड बंद कर आणि स्क्रू धर,” एक्केहार्ड म्हणाला. आल्विनने येऊन ते धरले. त्या चौकोनावर इर्मट्राउटने हिवाळ्यातही गुत्त्याचा वाळका जुडगा टांगून ठेवला. तो काढ, असे म्हणायला त्याच्याकडे दुसरे काही टांगण्यासारखे नव्हते.

जानेवारीत त्याने परिपत्रक शेवटपर्यंत वाचले. यीस्टची पाकिटे उघडली नव्हती, पिंपे थंड ठेवली होती. तरी एप्रिल आला तेव्हा बाटल्यांची गाडी दारात उभी राहिली, कारण सवयीने ठरवून टाकलेली गाडी रद्द करायला तो विसरला होता.

“तयार आहे ना?” चालकाने विचारले.

“नाही,” एक्केहार्ड म्हणाला. हा शब्द त्याला इतका अनोळखी होता की तो त्याने दोनदा म्हटला. “नाही. ऑगस्टला ये.”

“तब्येत बरी आहे ना, साहेब?”

गाडी उलटी वळून गेली. एक्केहार्ड तळघरात उतरला. आता सातही पिंपे गुरगुरत होती, प्रत्येक आपल्या सुरात, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्याच्या स्वतःच्या पत्रांसारखी. पाचव्यातून त्याने अर्धा पेला काढला. गढूळ होती, गंधकाचा वास मारत होती आणि कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत दिसत नव्हती. त्याने गुण दिले नाहीत. म्हणजे दिले, पण कोणाला सांगितले नाहीत.