सेर बिंदाच्चो आणि मोकाट डुकरं

फ्लोरेन्स शहरात राजवट पालटली आणि सेर बिंदाच्चोंची चिटणिशी गेली; नावाआधीचं 'सेर' हे बिरुद तेवढं राहिलं. ते बायको पिप्पाला घेऊन मोंतेलुप्पिनोला, आपल्या गावी परतले आणि राज्य कसं चालवावं यावर ग्रंथ लिहायला बसले. नऊ वर्षं लिहीतच होते. चौथ्या प्रकरणात त्यांनी ठणकावून सांगितलं होतं की, गावकामाची चिठ्ठी ज्याच्या नावाने निघेल त्याने ते काम मुकाट्याने करावं. सबबी सांगणारा नागरिकच नव्हे. गिरणीवर, न्हाव्याकडे, जो सापडेल त्याला ते हे प्रकरण वाचून दाखवत.

मार्चमध्ये पंचांच्या थैलीतून गावकामाच्या चिठ्ठ्या निघाल्या. सेर बिंदाच्चो : मोकाट जनावरांचे राखणदार, सहा महिने.

"डुकरं? मी?" घरी येऊन ते धपकन बाकावर बसले.

"तुम्हीच तर लिहिलंय ना," पाव कापता कापता पिप्पा म्हणाली.

"अगं, ते लोकांसाठी लिहिलंय!"

संधिवाताचं कारण देऊन त्यांनी सुंदर लॅटिनमध्ये तीन पानी अर्ज केला. पंचांचा मुख्य उगोलिनो, कातडी कमावणारा, हात जोडून म्हणाला, "अर्ज फक्कड असेल हो, सेर. आम्हाला कळला नाही. चौथं प्रकरण मात्र पाठ आहे."

झालं. काठी घेऊन निघाले. बार्तोला विधवेच्या डुकरिणीने पहिल्याच दिवशी त्यांना चरात पाडलं. त्यांनी दंडाचं कलम वाचलं, तर बार्तोला म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा की!" डुकरीण दराऱ्याला बधली नाही, खिशातल्या चेस्टनटला बधली. त्या दिवशी सेर पोरासारखे हसत घरी आले.

हळूहळू कुणाचं कुंपण कुठे मोडलंय, कोण फाटक मुद्दाम उघडं टाकतं, सगळं त्यांना कळू लागलं. एका पहाटे तर उगोलिनोच आपली डुकरं बार्तोलाच्या शेतात हाकताना सापडला. नंतर भर चौकात सेर त्याला एवढंच म्हणाले, "उगोलिनो, कुंपण कधी बांधतोस?" तो कानापर्यंत लाल झाला. रविवारच्या आत कुंपण उभं राहिलं.

सप्टेंबरात मुदत संपली, पण पाय घरात ठरेनात. हिवाळ्यात फ्लोरेन्सहून एक विद्वान राज्यकारभारावर चर्चा करायला आला. सेरांनी त्याला गावभर हिंडवून एकेका कुंपणाचा इतिहास ऐकवला. ग्रंथाचा विषय निघालाच नाही. दोघे परतले तेव्हा पाहुण्याचे मोजे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते.

पिप्पाने हरभऱ्याचं सूप वाढलं. "नीट जेवून घ्या, पाहुणे," ती म्हणाली. "विहिरीकडची बाजू राहिलीय अजून."