हुंकारा

लोधीपुऱ्यातले आमचे शेजारी मास्तर ओट्यावर ट्रान्झिस्टर दुरुस्त करत. आधी फरशीवर खडूने बेस, कलेक्टर, एमिटर या आतल्या तीन पायांमधल्या करंटचा हिशोब मांडत आणि आत अंथरुणाला खिळलेल्या आईला तो गोष्टीसारखा मोठ्याने सांगत.

"माय, बेसमधून इतकुसा करंट गेला."

"हूं."

"म्हणून कलेक्टरमधून शंभरपट आला."

"हूं."

"दोन्ही जोडले की एमिटरचा. खतम!"

हुंकारा आल्याशिवाय खडू पुढे सरकत नसे. मला घाई असली की चीड यायची.

माय गेल्यावर काही दिवसांनी, भोपाळ केंद्र लागेना म्हणून मी माझा ट्रान्झिस्टर नेला.

"बेसमधून इतकुसा करंट गेला," मास्तर म्हणाले आणि खडू धरून थांबले. आत सामसूम होती. ते थांबूनच राहिले.

"हूं," मी म्हटलं.

खडू पुढे सरकला.