शेवटची मिनिटं सोडून आलेली गल्ली

जळगाव स्टेशनवर गाडीला उशीर झाला नसता, तर आम्ही पाया पडून, डोळे पुसून सरळ डब्यात चढलो असतो. पण बोलायला वेळ मिळाला, आणि रावेरहून निघाल्यापासून गप्प असलेले माझे सासरे, आबा, शेवटी आपल्या मुलाला म्हणालेच, "केयीच्या बागातून उठून केयीच्या बागात चालला तू. मंग हितल्या केयीनं तुहं काय घोडं मारलं?"

माझे यजमान प्रकाश जळगावच्या एका कारखान्यात ठिबक सिंचनाचे इंजिनिअर होते. फिलिपीन्समध्ये दावाओ नावाच्या शहराबाहेर केळीचे मैलोन्‌मैल मळे आहेत, तिथल्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आबांच्या दृष्टीनं केळीसाठी देश सोडणं म्हणजे पाण्यासाठी विहीर सोडून जाणं.

माझे वडील, नाना, धुळ्याच्या देवपुरातून पहिल्या एस.टी.नं आले होते. आमच्या सहा वर्षांच्या केतकीला हाताला धरून ते प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले. गाडी आल्यावर तिचा हात माझ्या हातात देत म्हणाले, "पोरना हात सोडू नको, बाई." बस, एवढंच. पण तुमच्यापैकी जे असे निघालेत त्यांना ठाऊक असेल, निघताना सांगितलेलं वाक्य सामानापेक्षा जड होतं. मी ते वाक्य मुंबईपर्यंत आणि पुढं विमानात मुठीत घट्ट धरून बसले. केतकी "आई, दुखतंय" म्हणाली, तेव्हा कळलं की तिची बोटंही त्याच मुठीत आहेत.

दावाओत आम्हाला घर मिळालं ते एका अरुंद गल्लीत. हे सकाळी मळ्यावर जात ते अंधारून आल्यावर परतत. केतकी शाळेत जाई. दिवसभर मी घरात एकटी, आणि माझ्या सोबतीला भीती. पाणी उकळलं का, गॅस बंद केला का, पोरीनं डबा खाल्ला का. धुळ्याला मी अशी नव्हते. देवपुरात कॉलेजच्या मैदानावर मी बास्केटबॉल खेळले आहे, ढोपरं फोडून घेतली आहेत. जिल्ह्याच्या संघात होते. आपल्या देशाचा संघ परदेशात खेळायला गेला की त्याचा निकाल वर्तमानपत्रात क्रिकेटच्या खाली, चपलांच्या जाहिरातीला लागून, दोन ओळींत यायचा. नाना भिंग घेऊन त्या ओळी शोधून ठेवायचे. देवपुरात या दोन ओळींची वाट बघणारे बहुधा आम्ही दोघंच असू.

आणि इथं? इथं गल्लीच्या प्रत्येक वळणावर बास्केट. नारळाच्या झाडाला ठोकलेली, विजेच्या खांबाला बांधलेली, कुठं नुसती सायकलची रिंग. चपला घालून पोरं खेळतायत, भाजीवाला टोपली खाली ठेवून एक शॉट मारून पुढं जातोय. देशाचा संघ खेळणार असेल तर आदल्या दिवसापासून गल्लीत दुसरा विषय नाही. मला किती आनंद व्हायला हवा होता! पण मी खिडकीतूनच बघायचे. शेजारच्या मानांग लीता — मानांग म्हणजे आपल्याकडची अक्काच — एकदा चेंडू माझ्याकडं टाकून म्हणाल्या, "ये की." मी झेलला आणि परत देऊन टाकला. त्या क्षणी केतकी एकटी पायरीवर बसली होती, आणि तिच्यावरून नजर हलवायची माझी छाती होत नव्हती.

कारण केतकी बोलेनाशी झाली होती. घरात बोलायची, तेही कमी. शाळेत एक अक्षर नाही. बाईंनी मला बोलावून विचारलं, हिला ऐकू येतं ना? मी त्या दिवशी यांना म्हटलं, "अहो, परत जाऊ या." हे म्हणाले, "थोडी कळ काढ. वर्ष तरी जाऊ दे." आम्ही दोघं ताटावर तसेच बसून राहिलो.

मग तो दिवस आला. फिलिपीन्सच्या संघाची कुठल्याशा मोठ्या आशियाई स्पर्धेतली उपांत्य फेरी होती. दुपारपासून रस्ते ओस पडायला लागले. शाळेची जीपनी, म्हणजे लांबट रंगीबेरंगी जीप, रोज चारला गल्लीच्या तोंडाशी यायची. त्या दिवशी चार वाजून गेले, साडेचार झाले, जीपनी नाही. मी पळत शाळेपाशी गेले. फाटकाला कुलूप. पहारेकरी कानाला रेडिओ लावून बसला होता. तो म्हणाला, आज सगळ्यांना लवकर सोडलं, मॅच आहे ना. मुलं केव्हाच गेली.

नंतर समजलं ते असं: ड्रायव्हरलाही मॅच गाठायची होती. त्यानं आमच्या भागातली मुलं गल्लीशी न सोडता अलीकडच्या चौकात उतरवली. बाकीची मुलं आपापल्या घरी पळाली. केतकीला रस्ता माहीत नव्हता, आणि विचारायला तोंड उघडत नव्हतं.

त्या रिकाम्या रस्त्यांवरून मी "केतकी, केतकी" करत पळत होते. प्रत्येक खिडकीतून एकच समालोचन ऐकू येत होतं, त्यामुळं एका घराकडून दुसऱ्या घराकडं पळताना मॅच माझ्या सोबतच पळतेय असं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण कान ऐकतच होते. दोन गुणांनी मागं आहेत. बरोबरी झाली. पुन्हा मागं. मी रडत होते आणि मला स्कोअर माहीत होता.

गल्लीत परतले आणि मानांग लीतांच्या दारात उभी राहिले. आत वीस-पंचवीस माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलेली. शेवटची काही मिनिटं उरली होती. मला इंग्रजी सुचेना, त्यांच्या बिसाया भाषेतले चार शब्दही आठवेनात. मी फक्त म्हटलं, "केतकी." आणि रिकामे हात पुढं करून दाखवले.

मानांग लीतांनी माझ्याकडं बघितलं, उठल्या आणि टीव्ही बंद केला.

मी खेळाडू आहे. मला माहीत आहे, त्या घडीला टीव्ही बंद करणं म्हणजे काय. खोलीतून एकही "अरे" आला नाही. दोघं-चौघं चपला शोधत होते, एकानं सायकल काढली, कुणीतरी पुढच्या घराच्या दारावर थाप मारली. तिथलाही आवाज बंद झाला. मग त्याच्या पुढचा. गल्लीच्या टोकापर्यंत एकेक घर गप्प होत गेलं आणि माणसं बाहेर आली. मानांग लीतांनी कोण कुठं जाणार ते भराभर सांगितलं आणि माझं मनगट धरलं. "तू माझ्याबरोबर."

आम्ही समुद्राकडं निघालो. तिकडं मुस्लिम कोळ्यांची वस्ती होती. तिकडं जाऊ नकोस, असं मला दोघी-तिघींनी सांगितलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं माझ्या मनात जे जे येत होतं ते इथं लिहिण्याजोगं नाही. मशिदीमागं वाळूचं मोकळं मैदान होतं. तिथून टक्-टक् असा हलका, पोकळ आवाज येत होता.

पाच-सहा म्हातारे गोल करून उभे होते. लुंग्या वर खोचलेल्या. त्यांच्यामध्ये वेताचा विणलेला चेंडू हवेत उडत होता. कुणी टाचेनं, कुणी घोट्याच्या आतल्या बाजूनं, एकानं तर पाठीमागून पाय वळवून तो उडवला. हात कुणीच लावत नव्हतं. आणि त्या गोलात, दप्तर पाठीला तसंच, माझी केतकी.

मी ओरडणार होते. मानांग लीतांनी मनगट दाबलं. चेंडू केतकीकडं आला, तिनं बुटाच्या आतल्या बाजूनं तो वर उडवला, वाकडा का होईना, आणि मोठ्यानं म्हणाली, "हिनाय-हिनाय!"

म्हणजे हळू, हळू. म्हातारे तिला मघापासून तेच सांगत असावेत. तिनं त्या देशात घराबाहेर काढलेला पहिला शब्द.

मी जाऊन तिला कवटाळलं. ती वैतागून म्हणाली, "आई, थांब ना, माझा चेंडू पडला." सगळ्यांत वयस्क म्हातारे होते त्यांनी मानांग लीतांना काय झालं ते सांगितलं. पोरगी चौकातून चालत चालत इथवर आली. नाव सांगेना, रडेना. ते म्हणाले, "चुकलेलं पोर चालत राहिलं तर लांब जातं. म्हटलं, हिला खेळात घ्यावं. खेळणारं पोर जागा सोडत नाही. घर शोधायला माझा जावई केव्हाच गेलाय." जावई खरोखरच गेला होता, आमच्याच गल्लीत घरोघर विचारत होता, आणि गल्ली त्याच्या वस्तीकडं येत होती.

त्या खेळाचं नाव सिपा. सिपा म्हणजे लाथ. हाच खेळ मधे जाळी बांधून थायलंडमध्ये, मलेशियात वेगळ्या नावांनी खेळतात, हे मला नंतर समजलं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडं केतकीला घेऊन आभार मानायला गेले, तर त्यांनी मलाही गोलात उभं केलं. चेंडू आला की माझे हात आपोआप वर जायचे. जन्मभराची सवय! म्हातारे पोट धरून हसायचे. शेवटी मी पदर खोचला आणि दोन्ही हात मागं धरून उभी राहिले. हात मागं धरून उभं राहणं किती अवघड आहे ते करूनच बघा. काहीच धरता येत नाही. चेंडू येईल, पडेल, आपण फक्त पाय पुढं करायचा. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं. गेलं असं म्हणणार नाही.

त्या आठवड्यात मी नानांना फोन लावला. देवपुरात शेजाऱ्यांकडं फोन होता, नाना धावत आले. मी सगळं सांगितलं, केतकी हरवल्याचंही. त्यांनी आधी पोरीचं विचारलं.

"पोर बरी शे ना?"

"बरी आहे, नाना. बोलायला लागलीय."

"मंग मॅचनं काय झायं?"

"हरले."

"कोन? आपला?"

"हो," मी म्हटलं, "आपले."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की नानांचं 'आपले' वेगळं होतं आणि माझं वेगळं. आपल्या देशाचा संघ त्या स्पर्धेत कुठं पोचला होता, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी परत फोन लावून चूक सुधारली नाही.

वर्ष संपलं तेव्हा यांनीच विचारलं, "मग, जायचं का परत?" केतकी दारात मानांग लीतांच्या नातीशी भांडत होती, बिसायात, तावातावानं. मी म्हटलं, "बघू पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. आबा गेले तेव्हा आम्ही वेळेवर पोचू शकलो नाही; ते दुःख इथंच राहतं, आमच्यासोबत जेवतं.

रावेरला आणि जळगावला राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्ही विचारता, तिकडं आता घरासारखं वाटतं का? काय सांगू. इथं समुद्रावर वादळ उठल्याची बातमी आली की मी यांच्या मळ्यासाठी, मानांग लीतांच्या पत्र्यांसाठी, वाळूवरच्या त्या वस्तीसाठी जीव मुठीत धरून बसते. आणि वैशाखात तिकडं वावटळ सुटली, केळीची बाग आडवी झाली असं कळलं की इथं माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पूर्वी मला एकाच ठिकाणचा वारा भिववायचा. आता दोन ठिकाणचा भिववतो, आणि त्यातला एकही मला परका वाटत नाही.